शीतळा : एका दैवताची जडणघडण

रोगाचे आणि दैवताचे नाव एकच असावे, असा प्रकार भाषेत फारसा आढळत नाही. मराठीत मात्र ‘मुलाला देवी आल्या’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला अधिक काही विचारावे लागत नसे. आणि सरकारी माणूस लस घेऊन गावात आला, तर तोही ‘देवी टोचायला’च आला असे लोक म्हणत. बंगाल्यात याच व्याधीला ‘मायेर दया’, म्हणजे आईची कृपा, असे नाव होते. हिंदी मुलखात अंगावर ‘माता’ निघे. तमिळ भाषेत तिला ‘अम्मै’ म्हणत, आणि तिची अधिष्ठात्री मारियम्मन हीही आईच. दहांतील तिघांचे प्राण घेणाऱ्या आणि उरलेल्यांच्या तोंडावर जन्मभराचे व्रण ठेवून जाणाऱ्या रोगाला इतक्या भाषांनी आईचे नाव द्यावे, याचा उलगडा करणे अगत्याचे आहे.

भीतीपोटी देव जन्माला आले, हे उत्तर फार जुने आणि फार सोयीचे आहे. त्यात तथ्य नाही असे नव्हे. पण त्याने प्रश्न सुटत नाही. माणसाला भीती पुष्कळ गोष्टींची वाटत आली. ज्वराने, हगवणीने, सर्पदंशाने मेलेल्यांची संख्या काही थोडी नव्हती. मग शीतळेलाच हे विशिष्ट रूप, हे नाव आणि हा मान का मिळावा?

हे दैवत अनादि आहे, अशी समजूत असली तरी ग्रंथांची साक्ष तशी नाही. चरक आणि सुश्रुत ‘मसूरिके’चा उल्लेख करतात, तो ओझरता. माधवनिदानात तिला स्वतंत्र प्रकरण मिळाले. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात मात्र रोगाला ‘शीतला’ हे नाव आले आहे, आणि औषधांच्या जोडीला स्कंदपुराणातील तिचे स्तोत्रही दिले आहे. वैद्याने आपल्या ग्रंथात स्तोत्र घालावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तत्पूर्वी मुलांना जपणारी आणि मुलांना खाणारी अशी दुहेरी ख्याती असलेली हारीती बौद्धांमध्ये प्रसिद्ध होती. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तिची मूर्ती आहे. काठमांडूजवळ स्वयंभूनाथाच्या स्तूपाशेजारी हीच हारीती आजही शीतळा म्हणून पुजली जाते.

तिचे रूप पाहावे. ती गाढवावर बसते. तिच्या हाती केरसुणी आणि पाण्याचा कलश असतो, मस्तकावर सूप असते. ही राजवैभवाची चिन्हे नव्हेत, घरातल्या बाईच्या हातातल्या वस्तू आहेत. रोगाने अंगाची लाही होते, म्हणून देवी थंडावा देणारी. ती घरात असेतो फोडणी द्यावयाची नाही, रोग्याला कडुनिंबाच्या डहाळीने वारा घालावयाचा, परक्याला उंबरा ओलांडू द्यावयाचा नाही, घरात आदळआपट करावयाची नाही. यातील एकेक नियम वेगळा काढून पाहिला तर ती शुश्रूषाच ठरते. शिवाय रोग्याच्या देहात देवी वस्तीला आली, असे मानल्यामुळे त्या विद्रूप झालेल्या देहाची किळस करण्याची मुभा कोणाला राहिली नाही. लेकरू वाचले नाही तरी ते तिरस्कारात गेले नाही, एवढे समाधान त्या आईला उरे.

आणखी एक गोष्ट होती, आणि श्रद्धेच्या दृष्टीने तीच कदाचित सर्वांत मोलाची. देवी एकदा येऊन गेल्या, की पुन्हा सहसा येत नाहीत. हिवताप दरसाल छळतो, पटकी वाचलेल्यालाही पुन्हा गाठू शकते. शीतळा मात्र एकदा आपले घेऊन गेली की परतत नाही. तोंडावरचे व्रण ही तिची पोचपावती. शब्दाला इतकी पक्की असणारी व्याधी दुसरी दिसत नव्हती, आणि जी शब्दाला पक्की असते तिच्याशी करार करता येतो. नवस, व्रत, पूजा ही सारी त्या कराराची कलमे होत. त्यासाठी पूर्वीच्या माणसाला रोगप्रतिबंधक शक्तीचे शास्त्र ठाऊक असण्याची गरज नव्हती.

हा करार आधीच उरकून घेण्याची युक्तीही लोकांनी शोधली होती. काही काळ बंगालचा गव्हर्नर असलेल्या हॉलवेलने १७६७ मध्ये लंडनच्या वैद्यमंडळासाठी तिचे वर्णन लिहिले. साथीचा हंगाम वसंताचा. बंगालीत रोगालाच ‘वसंत’ म्हणत. त्यापूर्वी टीका देणारे ब्राह्मण गावोगाव फिरत. महिनाभर मासे, दूध, तूप वर्ज्य करावे लागे. मग गतसालच्या फोडांतील द्रव्य गंगाजलाने ओलावून दंडावरील बारीक जखमेवर ठेवीत, मंत्र म्हणत, आणि पुढे रोग्याच्या डोक्यावर थंड पाणी ओतीत. शेवटी देवीची पूजा होई. अशा रीतीने आणलेल्या देवी बहुधा सौम्य असत. या विधीत उपचार कोठे संपतो आणि उपासना कोठे सुरू होते, हे हॉलवेललाही नेमके सांगता आले नसते.

खेड्याचे दैवत म्हणून शीतळेची बंगाल्यात जी भरभराट झाली, तिचा धागा मराठी इतिहासाशी जुळतो, आणि तो धागा अभिमानाचा नाही. १७४२ मध्ये भास्करपंत कोल्हटकर नागपूरकर भोसल्यांच्या फौजा घेऊन बंगाल्यात उतरले. १७५१ च्या तहापर्यंत पश्चिमेकडील जिल्हे ‘बर्गीं’च्या स्वाऱ्यांनी पोळून निघाले, आईने मुलाला निजवताना ज्यांचे भय घालावे, असे ते नाव तेथे झाले. त्यातून सावरण्यापूर्वीच १७७० चा दुष्काळ आला आणि त्याच्या बरोबरीने देवीची साथ. खुद्द मुर्शिदाबादचा तरुण नवाब सैफुद्दौला त्या वर्षी देवींनी मेला. मेदिनीपूरकडील खेड्यांचा अभ्यास करणाऱ्या राल्फ निकोलस या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले, की शीतळेची सामुदायिक ग्रामपूजा त्या भागात रुजली ती याच पडझडीच्या काळात. ‘शीतलामंगल’ काव्येही बहुतेक याच शतकातील. शिवभक्त राजा देवीला मानीत नाही, ती त्याच्या राज्यात रोग सोडते, राजा नमतो, आणि मेलेली माणसे उठून बसतात, असा त्यांतील कथाभाग. राजा राखू शकत नाही, नवाब स्वतःच वाचत नाही, अशा वेळी सर्वांनी एकत्र येऊन नमावे असे ठिकाण गावाला हवे होते. घरातली आई अशा रीतीने गावाची आई झाली.

पुढे इंग्रजी लस आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती प्रथम लागू पडली. लस अधिक निर्धोक होती, यात संशय नाही. पण तिच्यात ना पथ्य होते, ना पूजा. एका मुलाच्या दंडातील लस दुसऱ्याच्या दंडात घालीत, तेव्हा ते मूल कोणाचे, हा प्रश्न आई विचारी. आणि आपल्या लेकराच्या फोडातील रस परक्याला देणे तिला नको वाटे. उन्हाने लस निर्जीव होई, आणि लागू पडली तरी तिचे बळ जन्मभर टिकत नसे, म्हणून टोचलेल्यांनाही कधी कधी देवी येत. आईच्या हिशेबाने शब्द मोडला तो सरकारने. द्राविडी भाषांचे कूळ वेगळे आहे, हे १८१६ मध्ये साधार मांडणारा मद्रासचा अधिकारी एलिस याने तर देवी आणि धन्वंतरी यांचा संवाद कल्पून लशीचे माहात्म्य गाणारी पुराणवजा कथाच रचली. अधिकारी हुशार खरा; पण पुराण असे हुकमाने उभे राहत नाही. मग १८६५ मध्ये कलकत्त्यात जुन्या टीकेवर बंदी आली, १८७७ मध्ये मुंबईत लस सक्तीची झाली.

स्वतंत्र भारताने १९६२ मध्ये निर्मूलनाची मोहीम काढली. तरीही १९७४ मध्ये सुमारे १,८८,००० लोकांना देवी आल्या. याच सुमारास घरोघर शोध चालला, आणि रोगी कळवणाऱ्यास हजार रुपये बक्षीस भिंतीभिंतींवर रंगले. मे १९७५ मध्ये भारतातील अखेरचा रोगी आढळला, आणि एप्रिल १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला.

दैवत मात्र गेले नाही. याउलट, १९९७ मध्ये कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात एका शाळाशिक्षकाने लोकशिक्षणाच्या हेतूने ‘एड्सम्मा’चे देऊळ उभारले, ती काही शीतळेप्रमाणे गावोगाव गेली नाही. तो रोग अंगणात सर्वांदेखत येत नाही, शरमेने लपवला जातो, आणि ‘पुन्हा येणार नाही’ असे वचनही देत नाही. अशा पाहुण्याला आई कसे म्हणणार?

शीतळेचे नाते जडले होते ते मुलाबाळांच्या क्षेमाशी, आणि ती काळजी कोणत्याही लशीने संपणारी नव्हती. गुजरातेत श्रावणातील वद्य षष्ठीला अजूनही सारा स्वयंपाक आदल्या दिवशीच उरकतात. त्या दिवसाचे नावच ‘रांधण छठ’. रात्री चूल निववून सारवतात, आणि सप्तमीला घरात विस्तव पेटत नाही. देवी आलेले मूल ज्यांनी कधी डोळ्यांनी पाहिले नाही, अशा आया त्या दिवशी थंड पाण्याने नाहतात आणि कालचे शिळे अन्न मुलांना वाढतात.