नारिंगी पासपोर्टाचे अठरा दिवस

घरात दहा-बारा वर्षांपूर्वीचा भारतीय पासपोर्ट असेल तर तो कपाटातून काढा आणि शेवटचं पान उघडा. फोटोचं पान सगळेच बघतात, शेवटच्या पानाकडे सहसा कुणी बघत नाही. तिथे वडिलांचं नाव, आईचं नाव, जोडीदाराचं नाव आणि पत्ता असतो. काहींच्या पासपोर्टात आणखी तीन अक्षरं असतात : ईसीआर. म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’. तुमच्या पासपोर्टात ती नसतील, तर तुम्हाला त्यांचा अर्थ माहीत नसण्याची शक्यताही बरीच आहे. आणि ज्याच्या पासपोर्टात ती आहेत, तो त्यांचा अर्थ कधीच विसरत नाही.

1983च्या एमिग्रेशन कायद्यातून ही खूण आली. कमी शिकलेल्या माणसाला परदेशी नेऊन फसवणारे एजंट तेव्हाही होते, आजही आहेत. म्हणून दहावी न झालेला माणूस ठरावीक 18 देशांत कामाला निघाला, की त्याचा करार आणि पगार आधी सरकारी अधिकाऱ्याने तपासायचा. त्या 18 देशांत यूएई आहे. हेतू रक्षणाचा होता, हे मान्यच करायला हवं. पूर्वी ‘तपासणी हवी’ आणि ‘तपासणी नको’ असे दोन्ही शिक्के मारले जात. पुढे ‘नको’वाला शिक्का बंद झाला. तेव्हापासून शिकलेल्याच्या पासपोर्टात ती जागा कोरी राहते आणि न शिकलेल्याच्या पासपोर्टात तेवढी खूण असते.

आता 2018च्या जानेवारीत या. 12 तारखेला परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केलं, की पासपोर्टाचं शेवटचं पान यापुढे छापलं जाणार नाही. त्यामागचं कारण चांगलं होतं. एकट्या आया, दत्तक मुलं, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बायका यांना त्या पानावरच्या नावांच्या रकान्यांचा त्रास होत होता. परराष्ट्र आणि महिला व बालविकास या दोन मंत्रालयांच्या अधिकाऱ्यांच्या समितीने ते ओळखलं होतं. पण ते पान गेलं, तर ईसीआर लिहायचं कुठे? यावर जे उत्तर निघालं, ते कायद्याचं नव्हतं, मांडणीचं होतं : ईसीआरवाल्यांच्या पासपोर्टाचं वेष्टनच नारिंगी करायचं. बाकीच्यांचं निळं राहील. नव्या पुस्तिकांचं डिझाइन नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसकडे दिलं जाणार होतं.

इथे जरा थांबा. आतल्या पानावर, बारीक अक्षरात, फक्त अधिकाऱ्याने वाचायची गोष्ट आता बाहेरच्या कव्हरवर येणार होती आणि कुणालाही दहा फुटांवरून दिसणार होती. दुबईच्या टर्मिनलवर पहाटे तीन वाजता पाच विमानं एकदम उतरतात तेव्हाची रांग तुम्ही पाहिलीच असेल. त्या रांगेतला प्रत्येकजण पासपोर्ट हातात धरून उभा असतो. गवंडी, सुतार, घरकाम करणारी बाई, नुकताच आलेला आयटीवाला, सुट्टीवरून परतणारं कुटुंब, सगळे निळे. कोण किती शिकलाय, हे त्या रांगेत तरी कळत नाही. नारिंगी रंग आला असता, तर शिपायाला, शेजारच्या प्रवाशाला, ट्रॉली ढकलणाऱ्यालाही ते कळलं असतं. तुमच्या मुलालासुद्धा. ‘बाबा, त्या काकांचा पासपोर्ट वेगळा का?’ याचं उत्तर तुम्ही काय दिलं असतंत?

शिवाय त्या रंगाची कामासाठी गरजही नव्हती. ईसीआर कामगारांची नोंद तोवर ‘ई-मायग्रेट’ या संगणक प्रणालीत होऊ लागली होती. यंत्राला रंग लागत नाही, त्याला क्रमांक पुरतो. रंग लागतो तो माणसाच्या डोळ्याला.

कागदाचा रंग बदलून आखातातली गोष्ट वेगळी काढायची, हा प्रयोग भारताने याआधीही एकदा केला होता. यूएई जन्मायच्या आधीच्या दुबईत भारताचाच रुपया चालायचा. त्या रुपयांनी इथे सोनं घेतलं जाई, ते सोनं चोरून पश्चिम किनाऱ्यावर उतरे आणि भारताचं परकी चलन खर्ची पडे. त्यावर उपाय म्हणून 1959मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातापुरत्या वेगळ्या नोटा काढल्या. नक्षी जवळपास तीच, पण क्रमांकाआधी इंग्रजी झेड आणि रंग निराळे : दहाची लाल, शंभराची हिरवी आणि पाचाची, योगायोग पाहा, नारिंगी. भारताच्या नोटा तेव्हा नाशिकलाच छापल्या जात. ही नोट भारतात चालत नसे. पाहताक्षणी कळे, की ही बाहेरची. 1966च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि इथल्या अमिरांनी रुपया सोडला. आज त्या नोटा संग्राहकांच्या वहीत दिसतात.

नोटेला अपमान वाटत नाही. पण तिच्या रंगामागची कल्पना तीच होती, जी एकोणसाठ वर्षांनी पासपोर्टाच्या वेष्टनावर आली. जे आखाताचं आहे, ते बघताक्षणी ओळखू आलं पाहिजे.

या वेळी मात्र माणसांनी आवाज केला. केरळमध्ये सर्वांत जास्त, कारण तिथे घरटी कुणी ना कुणी आखातात असतं. केरळच्या मुख्यमंत्र्यांनी विरोध केला, उच्च न्यायालयात याचिका गेली, आखातातल्या संघटनांनी निवेदनं दिली. दुय्यम नागरिक केल्याची भावना सगळीकडे एकच होती. 30 जानेवारीला मंत्रालयाने निर्णय मागे घेतला. शेवटचं पानही राहिलं आणि निळा रंगही. म्हणजे एकट्या आईची जी अडचण सोडवायला हे सुरू झालं होतं, ती त्या दिवशी जिथल्या तिथे राहिली, हेही विसरायला नको. अठरा दिवसांत एक रंग आला आणि गेला. नारिंगी पासपोर्ट घेऊन रांगेत उभं राहण्याची वेळ कुणावर आली नाही.

आता त्याच महिन्यात दुबईत काय झालं ते पाहा. दुबई पोलिसांनी ‘ओयून’ नावाचा उपक्रम जाहीर केला. अरबीत ओयून म्हणजे डोळे. शहरातले कॅमेरे एका जाळ्यात जोडायचे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने त्यातून हवे असलेले चेहरे हुडकायचे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दुबई विमानतळाच्या टर्मिनल तीनवर ‘स्मार्ट टनेल’ सुरू झाला. पासपोर्ट खिशातच ठेवायचा, बोगद्यातून चालत जायचं आणि कॅमेऱ्याने तुम्हाला ओळखायचं. ज्या रांगेत नारिंगी आणि निळा वेगळे दिसले असते, ती रांगच विरू लागली.

याची सवय आपल्याला आधीच लागली होती. 1 जुलै 2007ला अल गरहूद पुलावर सालिकची कमान उभी राहिली आणि गाडी कधी, कुठून गेली याची नोंद होऊ लागली. आपण त्याला टोल म्हणतो. एमिरेट्स आयडीच्या चिपमध्ये आपल्या बोटांचे ठसे आहेत. त्या कार्डावरचा आकडा कधी नीट वाचलाय? सुरुवातीला 784, म्हणजे यूएईचा आंतरराष्ट्रीय देशक्रमांक. पुढे तुमचं जन्मवर्ष. ज्या देशाचे तुम्ही नागरिक नाही, त्याचा आकडा तुमच्या जन्मसालाच्या आधी येतो. त्याच कार्डावर तुमचं नाव अरबीतही असतं. अरबीत ‘प’ नाही, म्हणून पाटील ‘बातील’ होतात. ‘ळ’ आणि ‘ण’ तर तिथे पोचतच नाहीत. नावाचा हा आकार तुम्ही निवडलेला नाही, पण या देशात तुमची ओळख तोच आहे.

मी तक्रार करत नाही. रात्री दोन वाजता बाई एकटी टॅक्सीने घरी येते, त्यात या डोळ्यांचा वाटा आहे. रांग नको असते, तशी मलाही नको असते. मला फक्त एक फरक दाखवायचा आहे. नारिंगी रंग दिसत होता, म्हणून त्याला नाही म्हणता आलं. त्याविषयी वर्तमानपत्रात छापता आलं, तो न्यायालयापुढे ठेवता आला. चेहऱ्यातून यंत्राने काढलेल्या आकड्यांना रंग नाही. आपल्याला कुठल्या रकान्यात टाकलंय, निळ्या की नारिंगी, हे आपल्याला दिसणारच नसेल, तर आवाज कशाविरुद्ध करायचा?

इथेच ग्राफिक डिझाइनवाल्यांचं काम सुरू होतं असं मला वाटतं. न दिसणारं दिसेल असं करणं, हे त्यांचं जुनंच काम. 2018च्याच नोव्हेंबरात शारजात ‘फिक्रा ग्राफिक डिझाइन बिएनाले’ भरलं होतं. जागा होती बँक ऑफ शारजाची जुनी इमारत आणि प्रदर्शनाचं नाव ‘मिनिस्ट्री ऑफ ग्राफिक डिझाइन’. ज्या देशात तेव्हा आनंदाचं आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचंही मंत्रिपद होतं, तिथे डिझाइनचं काल्पनिक मंत्रालय थाटून त्याला खाती दिली होती. गंमत तर होतीच, पण मुद्दाही होता. मंत्रालय म्हणजे शेवटी काय? अर्ज, शिक्के, रकाने, कार्डं. आणि हे सगळं कुणीतरी बसून आखलेलं असतं.

त्याच्या काही वर्षं आधी सांग मुन नावाच्या कोरियन डिझायनरने ‘झेडएक्सएक्स’ नावाची अक्षरं काढली होती. माणूस ती वाचू शकतो, पण मजकूर टिपणारं यंत्र अडखळतं. यंत्रं शिकत जातात, त्यामुळे ते काही कायमचं कवच नव्हे. पण त्या अक्षरांनी एक प्रश्न कागदावर आणला : माझं लिहिलेलं कुणी वाचावं, हे कोण ठरवणार?

तुम्ही डिझायनर नसलात तरी एक करून पाहा. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन बसा. कोऱ्या कागदावर कार्डाएवढी चौकट आखा आणि प्रत्येकाला स्वतःचं ओळखपत्र काढायला सांगा. अट एकच, क्रमांक चालणार नाही. कुणी आजीच्या गावाचं नाव घालेल, कुणी घरी बोलायची भाषा. आडनावातला ‘ळ’ मोठा काढता येईल. मग शेजारी खरं कार्ड ठेवा आणि कुठले रकाने जुळतात ते बघा. मुलं जे प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरं तुमच्याकडे नसतील. तरी विचारू द्या.

आणि जुने पासपोर्ट फेकू नका. 11 एप्रिल 2022पासून यूएईचा रेसिडन्स व्हिसा पासपोर्टात चिकटवणं बंद झालं, एमिरेट्स आयडीवरच भागतं. त्याआधीच्या तुमच्या पासपोर्टांत एकापुढे एक स्टिकर असतील, प्रत्येकावर त्या वर्षीचा तुमचा चेहरा, नोकरीचं नाव, तारखा. कुठल्या वर्षी मिशी गेली, कुठल्या वर्षी प्रायोजक बदलला, सगळं त्यात आहे. पुढच्या पिढीच्या पासपोर्टात ही पानं कोरी असतील. त्यांच्या इथल्या वर्षांची नोंद असेल, उलट आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असेल, पण त्यांना ती चाळता येणार नाही.

तुमच्या इमारतीच्या वॉचमनला किंवा ऑफिसात चहा देणाऱ्या भाऊंना कधी वेळ मिळाला तर विचारा, 2018च्या जानेवारीतलं काही आठवतं का. ज्याच्या शेवटच्या पानावर ती तीन अक्षरं आहेत, त्याला बहुधा आठवत असेल. तो सांगेल ते लिहून ठेवा, तारीख घालून.