सुप्त एचआयव्ही संसर्ग व विषाणुरोधक औषधे

मानवी प्रतिरक्षा-न्यूनता विषाणू (एचआयव्ही) आपली जनुकीय सामग्री शरीरातील काही कोशिकांच्या (पेशींच्या) डीएनएमध्ये समाविष्ट करून निष्क्रिय राहतो, त्या अवस्थेस सुप्त संसर्ग म्हणतात. एड्सवरील औषधे जन्मभर का घ्यावी लागतात, याचे कारण या अवस्थेत आहे.

फ्रान्समधील फ्रांस्वाझ बारे-सिनूसी व ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने १९८३ मध्ये हा विषाणू शोधला. भारतात संसर्गाची पहिली नोंद १९८६ मध्ये मद्रास (चेन्नई) येथे झाली. झिडोव्ह्यूडीन हे पहिले औषध १९८७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. तथापि एकट्या औषधास विषाणू लवकरच दाद देईनासा होई. १९९६ च्या सुमारास तीन औषधांचा संयुक्त उपचार रूढ झाला व रक्तातील विषाणू मापनमर्यादेखाली गेला. तो समूळ नष्ट होईल, ही आशा मात्र १९९७ मध्ये मावळली. विश्रांत सीडी-४ लसीका कोशिकांमध्ये विषाणूचा साठा टिकून राहतो, असे त्या वर्षी आढळून आले. हा साठा निम्मा होण्यास सु. ४४ महिने लागतात. म्हणजे केवळ रूढ औषधांनी तो संपण्यास सत्तरहून अधिक वर्षे लागतील.

सुप्तावस्थेचा कोशिकेतील संदेशवहनाशी निकट संबंध आहे. कोशिका उद्दीपित झाली म्हणजे प्रथिन-कायनेज सी यासारख्या एंझाइमांमार्फत संदेश पुढे जातो व एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन केंद्रकात शिरते. तेथे ते कोशिकेच्या जनुकांबरोबर विषाणूच्या जनुकांनाही कार्यान्वित करते. या प्रथिनाची बंधनस्थाने पाश्चात्त्य देशांतील बी उपप्रकारात सामान्यतः दोन, तर भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या सी उपप्रकारात तीन असतात.

रूढ औषधे विषाणूच्या एंझाइमांना अडवितात. सुप्त विषाणू ही एंझाइमे तयारच करीत नसल्याने त्यांच्या आवाक्याबाहेर राहतो. काही औषधांचे परिणाम मात्र कोशिकेपर्यंत पोहोचतात. कोशिकेवरील सीसीआर-५ ग्राहीस चिकटणारे माराव्हिरॉक (२००७) एनएफ-कप्पा-बीस चालना देऊन सुप्त विषाणूस काही प्रमाणात जागे करते, असे स्पेनमधील अभ्यासांत दिसले. एफाव्हिरेंझमुळे विषाणूचे प्रोटिएज एंझाइम अवेळी सक्रिय होते, कोशिकेतील कार्ड-८ हे प्रथिन ते ओळखते आणि कोशिका मरते, असे २०२१ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झाले. मात्र त्यासाठी विषाणू आधी जागा व्हावा लागतो. कर्करोगावरील व्होरिनोस्टॅट या औषधाने तो जागा होतो, हे २०१२ मध्ये रुग्णांत दिसले; साठा मात्र घटला नाही.

भारतात उपचार सर्वसामान्यांपर्यंत पोहोचण्यास औषधांची किंमत हा मोठा अडसर होता. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार औषधद्रव्यास नव्हे, तर केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेस पेटंट मिळे. याच्या आधारे मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये तिहेरी औषधे सेवाभावी संस्थेस वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून आठ शासकीय रुग्णालयांत मोफत उपचार सुरू झाले. त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. पुढे नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही उपचारकेंद्रे झाली. बालकांसाठी राष्ट्रीय उपक्रम २००६ मध्ये सुरू झाला. २००७ मध्ये रवी बापटले यांनी लातूर जिल्ह्यातील हासेगाव (ता. औसा) येथे संसर्गित मुलांसाठी ‘सेवालय’ स्थापन केले. पूर्वी ज्यांना बालपणही पुरे लाभले नसते, अशी मुले नियमित औषधांमुळे तेथे वाढून प्रौढ झाली. २०१७ मध्ये निदान होताच उपचार देण्याचे धोरण आले व २०२० पासून डोल्यूटेग्राव्हिरयुक्त उपचार रूढ होऊ लागला.

औषध थांबविल्यास बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांतच विषाणू रक्तात परततो. ऊसतोडीसाठी दरवर्षी काही महिने गाव सोडणाऱ्या मराठवाड्यातील कुटुंबांच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे : एका हंगामाचा खंड सुप्त साठ्यास पुन्हा रोगाचे रूप देऊ शकतो. त्यामुळे सुप्त साठा संपविणारे औषध हाती येईपर्यंत, कामाच्या ठिकाणीही गोळ्या अखंड मिळत राहणे हाच या विषाणूस रोखण्याचा खात्रीचा मार्ग होय.