स्कायलॅब, आजी आणि ६ वाजून ४३ मिनिटं

गेल्या शनिवारी आजोळी गेलो होतो, राळेगणसिद्धीला. मोबाईलवर बघितलं तर अंतराळ स्थानक ६ वाजून ४३ मिनिटांनी वायव्येकडून येणार होतं. सगळ्यांना गच्चीवर काढलं. आजी मात्र जिन्यातच थांबली.

"त्या स्कायलॅबसारखं पडनार न्हाई ना रं हे?"

मी हसलो. मामा हसले नाहीत.

तेवढ्यात ते आलंच. शुक्राएवढं ठळक, न लुकलुकता, कसलाही आवाज न करता. चारशे किलोमीटर वरून, ताशी अठ्ठावीस हजारच्या वेगाने. चार-पाच मिनिटांत आग्नेयेकडे जाऊन पृथ्वीच्या सावलीत शिरलं आणि विझलं.

मग जेवताना मामांनी सांगितलं. जुलै १९७९. मामा नऊ वर्षांचे. अण्णा हजारे सैन्यातून परत येऊन (१९७५) चारच वर्षं झालेली, हिरवं राळेगण अजून व्हायचं होतं. रेडिओवर रोज तेच, स्कायलॅब पडणार. कुठे? ते कुणालाच सांगता येईना. आजोबा सायकल काढून पारनेरला गेले आणि नुकतंच लग्न झालेल्या मावशीला घेऊन आले. मरायचं तर सगळ्यांनी एका घरात. मामांना आठवते ती गर्दी, अंथरुणं पुरेनात.

अडाणीपणा, असं मला आधी वाटलं होतं. (इंजिनियर ना आम्ही!) रात्री लॅपटॉप घेऊन वाचत बसलो आणि जरा लाज वाटली.

स्कायलॅब १९७३ साली सोडलं, वजन ७७ टन. फेब्रुवारी १९७४ मध्ये शेवटचे अंतराळवीर परतले, नंतर ते रिकामंच फिरत होतं. स्पेस शटलने त्याला वर ढकलायचं, असा विचार होता. पण शटलला उशीर झाला, ते उडालं थेट १९८१ मध्ये. इकडे सूर्यावरची खळबळ अंदाजापेक्षा जास्त निघाली. त्याने वरचं वातावरण तापून फुगतं, घर्षण वाढतं, कक्षा खाली येते. आणि ही कक्षा ५० अंश उत्तर ते ५० अंश दक्षिण! जगातली बहुतेक माणसं याच पट्ट्यात राहतात, आमचं १९ अंशावरचं राळेगणही. कुणातरी माणसाला तुकडा लागण्याची शक्यता नासानेच १५२ मध्ये एक अशी काढली होती. अंदाज तज्ज्ञांचेही चुकले: ११ जुलैला, आपल्याकडे रात्री दहाच्या सुमारास, ते अपेक्षेपेक्षा उशिरा फुटलं आणि तुकडे ऑस्ट्रेलियात एस्परन्सच्या आसपास पडले. कुणाला लागलं नाही. तिथल्या नगरपालिकेने कचरा केला म्हणून नासाला ४०० डॉलर दंड ठोकला, ते वेगळंच.

गंमत म्हणजे स्कायलॅबही नुसत्या डोळ्यांना दिसायचं. पण ऐन आषाढ, आभाळ भरलेलं, आणि कधी कुठे बघायचं ते आमच्या घरी सांगणार कोण? न दिसलेल्या गोष्टीची भीती.

आजीला 'नाही पडणार' म्हणणं खोटं ठरलं असतं. हेही २०३० नंतर पाडायचं ठरलंय. त्यासाठीच्या यानाचं काम २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिलंय. सकाळी चहा घेताना तिला सांगितलं, "पाडणार आहेत गं, पण आधी सांगून. लांब पॅसिफिक समुद्रात."

"सांगितलं तर तवा बी व्हतं," आजी म्हणाली. मग कपबशी खाली ठेवून, "आज किती वाजता यायचंय?"

मला दुपारीच निघायचं होतं. मामांच्या मोबाईलवर ॲप टाकून दिलंय.