विंडोज टाकायची सीडी आणि ते साठ सेकंद

२००३-०४ साली नालासोपारा-विरारला ज्यांच्या घरी असेम्बल्ड पीसी आला, त्यांना ती साठ सेकंदांची उलटी मोजणी आठवत असेल. नेट जोडलं की थोड्या वेळात इंग्रजी सूचना यायची आणि मशीन आपोआप बंद होऊन परत चालू. लोक व्होल्टेजवर खापर फोडायचे. तो ब्लास्टर वर्म होता, ११ ऑगस्ट २००३ला पसरू लागलेला.

खरं तर मायक्रोसॉफ्टने त्यावरचा पॅच १६ जुलैलाच काढला होता. पण आपल्याकडच्या सीडीत ऑक्टोबर २००१ची एक्सपी. फॉरमॅट मारला की मशीन पुन्हा २००१ मध्ये! फायरवॉल होता, पण बंद. पॅच आणायला नेट लावा, तर पॅचच्या आधी किडा हजर. त्यात केबलवाल्याचं नेट, म्हणजे अख्खी बिल्डिंग एकाच तारेवर.

मी तेव्हा स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या गाळ्यात काम करायचो. ऑगस्ट २००४ मध्ये सर्व्हिस पॅक २ आला. त्यात फायरवॉल पहिल्यापासून चालू. फाइल २६६ एमबीची. डायल-अपवर साधारण पंधरा तास, तेही लाइट न जाता. (हे त्या काळात आमच्याकडे कोण धरून चालणार?) म्हणून एकदाच आणायची आणि सीडीतच मुरवायची. याला स्लिपस्ट्रीम म्हणत. सीडी हार्डडिस्कवर कॉपी करायची, सर्व्हिस पॅकला 'इंटिग्रेट'ची कमांड द्यायची, की जुन्या फाइलींच्या जागी नव्या बसतात. मग नीरोमध्ये बूट इमेज जोडून, लोड सेक्टर ४ ठेवून सीडी मारायची. तो आकडा चुकला की सीडी बूटच व्हायची नाही. पुढे एनलाइट आलं आणि हेच काम माऊसने होऊ लागलं.

मराठीचा प्रश्नही त्याच सीडीत अडकला होता. युनिकोड मराठी नीट दिसायला कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करावी लागे, आणि ती केली की एक्सपी सीडी मागायची. ग्राहकाकडे सीडी कुठली? म्हणून आम्ही विनएनटी डॉट सिफ फाइलीत लँग्वेज ग्रुप १५ लिहून ठेवायचो. विंडोज टाकली की मराठी आपसूक आलेलं.

याची दुसरी बाजूही होती. बाजारात तयार 'अपडेटेड' सीड्या मिळायच्या, बहुतेक चोरीच्या. त्यात कुणी काय मिसळलंय, हे ना विकणाऱ्याला माहीत ना घेणाऱ्याला. त्यावर लोक बँकेचे पासवर्ड टाकायचे.

एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला. आता सीडी नाही, पेनड्राइव्ह आहे, आणि तो कधी बनवलाय हे विचारायची सवय अजूनही नाही. मुलांच्या शाळेच्या लॅबमध्ये गेलात तर शिक्षकांना विचारून 'विनव्हर' टाइप करून बघा. शाळेचं नाव नको, दिसलेलं व्हर्जन खाली लिहा.