मन्नारचं आखात : मोती, शंख आणि चुन्याच्या भट्ट्या

कागदोपत्री मन्नारच्या आखातात २१ बेटं आहेत. रामेश्वरमपासून तुतिकोरीनपर्यंत, तमिळनाडूच्या किनाऱ्याला धरून गेलेली ही निर्मनुष्य प्रवाळबेटांची ओळ. १९८६ साली भोवतालच्या उथळ पाण्यासह ती सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली. क्षेत्र ५६० चौरस किलोमीटर. आज होडी काढून बेटं मोजायला निघालं, तर त्यातली पूवरसनपट्टी आणि विलंगुचल्ली ही दोन सापडत नाहीत. ती पाण्याखाली गेली आहेत. त्यांच्या भोवतीची पोवळ्यांची भिंत माणसांनी फोडून नेली आणि लाटा अडवणारं काही उरलं नाही.

हे समजून घ्यायचं तर मोत्यांपासून सुरुवात करावी लागते. दोन हजार वर्षं जगाने हे आखात ओळखलं ते मोत्यांसाठी. पांड्य राजांचं कोर्कई बंदर याच किनाऱ्यावर होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात इथल्या मोत्यांचा उल्लेख आहे आणि शिक्षा झालेल्या कैद्यांकडून बुड्या मारून घेतात, असंही त्यात नोंदवलेलं आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने तर हंगामाचं अख्खं चित्रच रेखाटलं. मोठ्या माशांनी पाणबुड्यांना इजा करू नये म्हणून मंत्र घालणारे लोक बोलावले जात आणि निघालेल्या मोत्यांचा विसावा हिस्सा त्यांना मिळे. रात्री मंत्राचा बंध सोडत, म्हणजे अंधारात कुणी चोरून बुडी मारायला धजावत नसे. श्रद्धा आणि पहारा, दोन्ही एकाच माणसाकडे सोपवण्याची ही युक्ती राजाला चांगलीच सोयीची होती.

बुडी मारणारे मुख्यतः परवर समाजाचे. पायात दगड अडकवून ते तळ गाठत. जेमतेम मिनिटभर श्वास रोखून हाताला लागतील तेवढे शिंपले जाळीत भरत आणि वरचा माणूस दोर खेचून त्यांना बाहेर काढी. किनाऱ्यावर शिंपल्यांचे ढीग सडू देत आणि मग धुऊन मोती वेचत. त्या हंगामी वसाहतींच्या दुर्गंधीबद्दल बहुतेक सगळ्या प्रवाशांनी लिहिलं आहे.

याच मोत्यांच्या हक्कावरून सोळाव्या शतकात परवर आणि किनाऱ्यावरचे मुस्लिम व्यापारी यांच्यात संघर्ष पेटला. परवरांनी पोर्तुगिजांचा आसरा घेतला आणि १५३०च्या दशकात हजारोंनी बाप्तिस्मा घेतला. १५४२ साली गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर त्याच वर्षी या किनाऱ्यावर आला तो या नव्या ख्रिस्ती कोळ्यांसाठी. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकात त्याच्या दर्शनाला जाणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असतं, की त्याच्या गोव्याबाहेरच्या कार्याची सुरुवात मोती काढणाऱ्यांच्या झोपड्यांतून झाली. पुढे १६५८मध्ये तुतिकोरीन डचांनी घेतलं, नंतर ते इंग्रजांकडे गेलं. मालक बदलत गेले. बुडी मारणारे तेच राहिले.

मोती मात्र लहरी. एखाद्या वर्षी शिंपल्यांचे थर भरून वाहत, मग वर्षानुवर्षं काहीच नाही. शंखाचं तसं नव्हतं. तो दरवर्षी मिळे आणि त्याला कायमचं गिऱ्हाईक होतं बंगालात. ढाक्याचे शांखारी कारागीर या आखातातले शंख कापून सुवासिनींसाठी बांगड्या करत. मद्रास प्रांताच्या मत्स्यखात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेलने १९१४ साली या शंखावर एक सविस्तर ग्रंथच लिहिला. कोर्कईच्या मातीत त्याला करवतीने कापलेले शंखाचे तुकडे सापडले, म्हणजे बांगड्यांचा उद्योग कधीकाळी इथेच होता. सरकारी शंखखात्याचा एक नियम मुद्दाम सांगण्याजोगा आहे. ठराविक मापाच्या कडीतून जो शंख आरपार जाई, तो लहान समजून समुद्रात परत सोडायचा. संरक्षण हा शब्द कायद्यात येण्याच्या कितीतरी आधी त्या कडीने ते काम केलं.

कुरुसडै बेटाची कहाणी निराळी. पांबनच्या पुलावरून रामेश्वरमला जाणाऱ्या यात्रेकरूंना, त्यात काशीची गंगा घेऊन निघालेले मराठी भाविकही आले, हे बेट दक्षिणेला अगदी जवळ असूनही दिसून न दिसल्यासारखं राहतं. १९२७मध्ये मद्रासच्या सरकारी संग्रहालयाने या एका छोट्या बेटाच्या किनाऱ्यावरच्या जीवांवर स्वतंत्र अंक काढला. पाठीचा कणा असलेल्या आणि नसलेल्या प्राण्यांमधला दुवा म्हणून पाठ्यपुस्तकात शिकवला जाणारा बॅलॅनोग्लॉसस इथल्या वाळूत बिळं करून राहतो. खारफुटी, समुद्री गवताची कुरणं आणि पोवळी ही तिन्ही इथे हाकेच्या अंतरावर आहेत. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं मुख्यालय १९७१पर्यंत शेजारच्या मंडपमलाच होतं. त्यामुळे या पाण्याइतका बारकाईने अभ्यासलेला समुद्र देशात क्वचितच असेल.

आणि तरीही नेमक्या याच काळात तळ उखडला जात होता. जिवंत आणि मेलेली पोवळी पहारींनी फोडायची, होड्यांत भरायची आणि चुन्याच्या भट्ट्यांना, कार्बाइडच्या कारखान्यांना विकायची, हा धंदा तुतिकोरीनकडच्या बेटांभोवती कित्येक वर्षं बिनबोभाट चालला. मोत्याला राजाचं नाव होतं, शंखाला देवाचं. पोवळ्याच्या दगडाला दोन्ही नव्हतं, म्हणून त्याची राखण कुणी केली नाही. मोती आणि शंख ज्या तळावर वाढत तो तळच विकला जात होता, हे बुडी मारणाऱ्यांना दिसत असणार. त्यांना कुणी विचारात घेतलं नाही, ही या इतिहासातली मोठी चूक म्हणावी लागेल. भारताच्या बाजूचा मोत्यांचा शेवटचा हंगाम १९६१चा. १९७३मध्ये तुतिकोरीनच्या प्रयोगशाळेत के. अलगरस्वामी यांनी संवर्धित मोती तयार केला, पण समुद्रातले मोत्यांचे हंगाम काही पुन्हा भरले नाहीत.

२००१ साली प्रवाळ आणि समुद्रकाकड्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आल्या. २००५च्या सुमारास पोवळ्यांचं खणणं थांबलं. वान बेट तोवर झिजत चाललं होतं. १९८६मधल्या सुमारे १६ हेक्टरांपैकी २०१४पर्यंत दोनच्या आसपास उरले. मग त्याच्या समुद्राकडच्या अंगाला काँक्रीटचे कृत्रिम खडक बसवले गेले. ज्याची भिंत फोडून चुना केला, त्याच्यापुढे सिमेंटची भिंत घालावी लागली. शिवाय १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत पाणी तापून पोवळी पांढरी पडली, आणि त्यावर कुठल्याही पहाऱ्याचा इलाज नाही.

उद्यानाची किंमत मोजली ती किनाऱ्यावरच्या बायकांनी. १९६०च्या दशकापासून पांबन, चिन्नपालमकडच्या शेकडो जणी बेटांभोवती बुड्या मारून शेवाळ खुडत आल्या आहेत. अगार आणि अल्जिनेट बनवणाऱ्या कारखान्यांना तो माल लागतो. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, पायाला पत्र्याच्या वा लाकडाच्या चकत्या बांधायच्या आणि तासन्‌तास पाण्यात राहायचं. उद्यान झाल्यावर बेटांभोवतीचं हे काम गुन्हा ठरलं. या बायकांनी भांडण केलंच, पण स्वतःवर नियमही घालून घेतले : धातूच्या खरवडण्या वापरायच्या नाहीत, महिन्यातले १२ दिवसच जायचं, ट्रॉलरबंदीच्या काळात शेवाळाला हात लावायचा नाही. चिन्नपालमच्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५मध्ये सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला तो या लढ्यासाठी. दुसरीकडे, त्याच भागात शेतीसाठी आणलेलं कप्पाफायकस हे परदेशी शेवाळ २००८पर्यंत कुरुसडैच्या पोवळ्यांवर पसरल्याचं शास्त्रज्ञांनी नोंदवलं. स्थानिक शेवाळ खुडणाऱ्यांना दंड आणि बाहेरचं शेवाळ वाढवायला प्रोत्साहन, हा न्याय त्या बायकांना कसा पटावा?

समुद्रगायीचं म्हणजे डुगाँगचं काय झालं, हे वेगळं सांगायला हवं. तीन मीटरपर्यंत लांब वाढणारा हा सस्तन प्राणी समुद्री गवतावर जगतो. एकेकाळी या किनाऱ्यावर मांसासाठी त्याची सर्रास शिकार होई. नंतर ट्रॉलरच्या जाळ्यांनी गवताची कुरणं खरवडली आणि उरलेसुरलेही कमी झाले. सप्टेंबर २०२२मध्ये तमिळनाडू सरकारने शेजारच्या पाल्कच्या उपसागरात, तंजावूर आणि पुदुक्कोट्टैच्या किनाऱ्यालगत, ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँगसाठीचं देशातलं पहिलं राखीव क्षेत्र जाहीर केलं. जाळ्यात चुकून सापडलेली समुद्रगाय जिवंत सोडून देणाऱ्या कोळ्यांना वनखातं आता रोख बक्षीस देतं.