बोरी नदीवरील पूल आणि रणगाडे



परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत बोरी नांवाचें गांव आहे. तेथून बरेंच दक्षिणेस, नळदुर्गच्या किल्ल्याजवळून वाहणाऱ्या नदीचें नांवही बोरीच. गांव आणि नदी यांचा संबंध नामसाम्यापलीकडे नाहीं. परंतु १९४८ सालीं दोन्ही ठिकाणें निजामाच्या राज्यांत होतीं, आणि सोलापूरकडून त्या राज्याचें दार उघडलें तें या नदीवरील पुलापाशीं. रणगाड्याची खरी शक्ति कशांत असते, हें समजून घेण्यास त्या पुलाइतकें चांगलें उदाहरण आपल्या प्रांतांत दुसरें क्वचितच सांपडेल.

रणगाडा म्हटला कीं जाड पोलाद आणि मोठी तोफ डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु तो घडविणाऱ्यास कवच, तोफ आणि वेग या तिहींचा मेळ घालावा लागतो. कवच जाड केलें कीं वजन वाढतें. वजन वाढलें कीं गति मंदावते, आणि वाटेवरचा प्रत्येक पूल शंकास्पद होतो. १५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोमच्या रणभूमीवर इंग्रजांनीं पहिले रणगाडे लढाईंत उतरविले. सुमारें २८ टन वजनाचा तो गाडा माणसाच्या चालीनेंच पुढें सरके. पुढील तीस वर्षांत ही विद्या पुष्कळ वाढली. स्वतंत्र भारताच्या सैन्याकडे आले ते अमेरिकन बनावटीचे गाडे दोन प्रकारचे होते: ३७ मिलिमीटर तोफेचा, हलका व चपळ स्टुअर्ट, आणि त्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा, ७५ मिलिमीटर तोफेचा शर्मन.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालील फौज सोलापुराहून निघाली. दिवस पावसाळ्याचे. मराठवाड्याची काळी जमीन भिजली म्हणजे बैलगाडीलाही सोडीत नाहीं. मग अनेक टनांच्या गाड्यांची कथा काय? त्यांस पक्का रस्ता हवा, आणि रस्त्याला नळदुर्गचा पूल हवा. ज्या नदीस बांध घालून आदिलशाहींत पाणीमहाल उभा राहिला, तीच आतां आडवी होती. पूल उडवून देण्याचें काम एका इंग्रज भाडोत्री अधिकाऱ्याकडे होतें. तो पकडला गेला. सातव्या ब्रिगेडनें अचानक चाल करून पूल शाबूत ताब्यांत घेतला, व शीख पायदळानें नळदुर्गच्या ठाण्यांवर हल्ला चढविला.

वाट मोकळी होतांच चिलखती पथक सकाळीं नऊ वाजतां जळकोटास पोंचलें, आणि दुपारीं सव्वातीनला सरहद्दीच्या आंत सुमारें ३८ मैलांवर, उमरग्यास. त्याच दिवशीं दुसऱ्या तुकडीनें तुळजापूर घेतलें. परंतु लोहाऱ्याकडे जातांना नदीस पूर आला आणि ती जागींच थांबली. पोलाद तेंच, माणसें तशींच. फरक फक्त पुलाचा! १६ तारखेस जहीराबादच्या वाटेवर भूसुरुंगांनीं गाडे रोखले. सुरुंग काढले गेले, तेव्हांच पुढील वाट सुटली. रणगाड्याच्या पुढें पुष्कळदां पायउतार शिपाई आणि सफरमैना चालत असतो, हें यावरून ध्यानांत येईल.

१७ सप्टेंबरला दुसऱ्या एका तुकडीनें त्या वेळीं परभणी जिल्ह्यांत असलेलें हिंगोली घेतलें. त्याच सायंकाळीं निजामानें युद्धबंदी जाहीर केली, आणि १८ तारखेस जनरल एल् एद्रूस यांनीं शरणागति पत्करली. रझाकारांच्या जुलमांतून प्रजा सुटली. मराठवाड्यांत १७ सप्टेंबर मुक्तिदिन म्हणून पाळला जातो.

परंतु हिशेब येथें पुरा होत नाहीं. सैन्य पुढें गेल्यावर कित्येक जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर अत्याचार झाले. सरकारनें पाठविलेल्या सुंदरलाल समितीनें मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार इतका केला, आणि तो अहवाल लोकांपुढें आला तो २०१३ सालीं.

रणगाडा वाट उघडतो. उघडलेल्या वाटेवरील घरांची राखण तो करीत नाहीं. तें काम माणसांचें. बोरी नदीवरील पूल राखला गेला, तसे शेजारही राखले गेले असते, तर त्या पांच दिवसांच्या विजयाकडे आपण अधिक निर्मळ मनानें पाहिलें असतें.