चिजांची शुद्ध प्रत

युरोपात बाखसारख्या संगीतकाराची रचना नव्याने छापावयाची झाली, म्हणजे संपादक प्रथम त्याच्या हातचे कागद शोधतो, जुन्या छापील प्रती पडताळतो आणि पाठभेद टिपांत देतो. आपल्याकडे चीज उस्तादाच्या गळ्यात असे व पुष्कळदा त्याच्याबरोबरच जाई. ओमानातही अल हैलसारख्या समुद्रकाठच्या वस्त्यांतून गाणे तोंडीच चालत आले. ते नोंदून ठेवण्यासाठी १९८३ साली तेथे पारंपरिक संगीताचे केंद्र निघाले.

हिंदुस्थानी संगीतात हे काम आमच्या मुंबईच्या एका वकिलाने अंगावर घेतले. पं. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० साली वाळकेश्वर येथे झाला. पारशी गृहस्थांनी चालविलेल्या गायनोत्तेजक मंडळीत त्यांचे शिक्षण झाले. पुढे वकिली सोडून ते देशभर हिंडले. घराण्याची चीज म्हणजे ठेव; परक्याला ती सहसा मिळत नसे. तरीही जयपूर, रामपूर येथील गवयांकडून त्यांनी चिजा मिळविल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत सुमारे १८०० चिजा स्वरांसह मराठीत आणल्या. १९३६ साली ते वारले; अखेरचे भाग त्यानंतर बाहेर पडले.

त्यांच्या खुणा मोजक्याच आहेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्रास खाली टिंब, तारास वर टिंब, समेला फुली. साध्या विद्यार्थ्यालाही त्या चार दिवसांत कळतात.

परंतु एकच चीज दोन घराण्यांत दोन तऱ्हांनी गायिली जाते. पंडितजींनी बहुधा एकच पाठ छापला, आणि तो कोणाच्या तोंडचा हे बहुतेक चिजांखाली नाही. म्हणून 'आमच्याकडे अशी नाही' अशी गवयांची तक्रार राहिली. ती खोटी नव्हे. पण पुस्तकच नसते तर तक्रार करावयास चीज तरी उरली असती काय?

ही गोष्ट आपल्या घरांनाही लागू आहे. आपल्या कीर्तनांच्या व गाण्यांच्या जुन्या वह्यांत शब्द असतात आणि वर 'चाल' म्हणून दुसऱ्या एखाद्या पदाचे नाव. ते पद विसरले की चाल गेली. ज्यांच्या घरी अशी वही असेल, त्यांनी वडीलधाऱ्यांकडून ती गाऊन घेऊन ध्वनिमुद्रित करावी. कोणी गायिले, कोणत्या गावचे, तेही लिहावे. दोघी बहिणी निराळ्या चालीने म्हणत असतील, तर दोन्ही चाली ठेवाव्यात.